गोष्टीतला 'मी' कुणाचा?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एका दिवाळी अंकासाठी मी कथा लिहिली होती. कथा आईवरची होती. आईचं माहेर गोकाककडचं, घरात अस्सल कन्नड. लग्न होऊन ती आमच्या बेळगावच्या मराठी घरात आली तेव्हा तिला मराठीतले पाच-पंचवीस शब्द येत असतील. कथा मी तिच्याच तोंडून सांगितली होती. म्हणजे सगळीकडे 'मी', आणि तो 'मी' म्हणजे आई.

पाठवण्याआधी तिला वाचून दाखवावी म्हटलं. ती शेंगा फोडत बसली होती. मी वाचत होतो, ती ऐकत होती. कथेत नवी सून सासरच्या पहिल्या रात्री उशीत तोंड खुपसून रडते, तिचं मन आक्रंदून उठतं, दूर कुठंतरी माहेरची घाटप्रभा तिला साद घालते, वगैरे वगैरे. वाचून झालं. आईनं सुपातली टरफलं बाजूला केली आणि म्हणाली, "छान लिहिलायस की. पण हे मी नव्हं. ह्यात तू बोलूलास."

मी म्हटलं, "का गं? सगळं तुझंच तर आहे."

"मी कधी 'गेले', 'आले' म्हणतो काय? मी 'गेलो' म्हणतो. आणि पहिल्या रात्री मी रडलोच नाही. मला हसू येत होतं."

एम. ए.ला दोन वर्षं कथनमीमांसा शिकलो, पुढं वर्गात मुलांना शिकवली. प्रथमपुरुषी निवेदनात लेखकाची सर्वांत मोठी चूक कोणती, ते मात्र त्या दिवशी शेंगा फोडता फोडता आईनं सांगितलं.

'गेलो' आणि 'गेले'

आधी आईचा पहिला मुद्दा घेऊ, कारण तो आपल्यासारख्या दोन भाषांत राहणाऱ्या घरांना लगेच कळेल. मराठीत 'मी गेलो' म्हटलं की बोलणारा पुरुष, 'मी गेले' म्हटलं की बाई. पहिल्याच वाक्यात 'मी'चं लिंग उघडं पडतं. कन्नडमध्ये तसं नाही. 'नानु होदे' हे बाईही म्हणते आणि पुरुषही म्हणतो. 'तो गेला', 'ती गेली' म्हणताना कन्नडलाही फरक करावा लागतो, पण 'मी'च्या बाबतीत ती भाषा काही विचारत नाही. म्हणजे कन्नड कथाकाराला दोन पानं 'मी'ची ओळख झाकून ठेवता येते. मराठी कथाकाराला पहिल्या क्रियापदालाच ती सांगावी लागते.

पण हा झाला पुस्तकातला नियम. कोल्हापूर-निपाणीपासून आपल्या भागापर्यंत कितीतरी मुली, बायका 'मी येतो', 'मी जेवलो' असंच म्हणतात. पुण्याचा पाहुणा हसतो, आपल्याला त्यात वावगं वाटत नाही. मी मात्र कथा लिहिताना आईच्या तोंडचा 'गेलो' न विचारता 'गेले' करून टाकला होता. शुद्धलेखन म्हणून. खरं तर त्या एका मात्रेबरोबर आईच कथेतून निघून गेली होती.

'आवाज' म्हणतात तो असा असतो. तो मोठमोठ्या विचारांत नसतो. माणूस कुठलं क्रियापद वापरतो, वाक्य कुठं तोडतो, कुठल्या शब्दाला अडखळतो, यात तो असतो.

लंपन आपला, म्हणून सगळ्यांचा

प्रथमपुरुषी आवाज कसा घडवावा याचं मराठीतलं एक उत्तम उदाहरण आपल्याच मातीतलं आहे. प्रकाश नारायण संत यांचा लंपन. संत म्हणजे भालचंद्र गोपाळ दीक्षित, बेळगावात आयुष्य काढलेल्या कवयित्री इंदिरा संत यांचे चिरंजीव. पेशानं भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक. 'वनवास' १९९४ साली आलं, मग 'शारदा संगीत', 'पंखा' आणि 'झुंबर'. २००३ साली संत गेले. चारच पुस्तकं, पण लंपन अजून तसाच आहे. २०२४ साली त्याच्यावर मराठी वेबमालिका आली आणि ज्या मुलांनी पुस्तक उघडलं नव्हतं त्यांच्याही ओळखीचा झाला.

लंपन आई-वडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे राहणारा शाळकरी मुलगा. गोष्ट तोच सांगतो. त्याला जगातलं बरंच काही 'मॅड' वाटतं. मोजायची वेळ आली की तो भलतेच मोठे आणि विचित्र आकडे फेकतो. नव्या माणसाला हे आधी गमतीचं वाटतं. चार गोष्टी वाचल्या की लक्षात येतं, या मुलाच्या मनात जे दाटून येतं त्याला पुरेसे शब्द त्याच्याजवळ नाहीत, म्हणून तो हाताशी असलेला एक शब्द आणि एक आकडा पुढं करतो. मोठी माणसं ज्याला एकटेपणा म्हणतील तो या पोराला कळतो तो पोटात, घशात, संध्याकाळच्या उजेडात. व्याख्या तो करत बसत नाही. ती वाचणारा करतो.

यातून शिकण्यासारखं काय? गोष्ट सांगणाऱ्या 'मी'ला जेवढं कळतं त्यापेक्षा वाचकाला थोडं जास्त कळलं पाहिजे. मूल सांगत असेल तर लेखकानं आपलं चाळिशीचं शहाणपण त्याच्या तोंडी घालायचं नाही. वर्गात मुलं 'बालपणीची आठवण' लिहितात तेव्हा सातवीतला मुलगा एकदम 'जीवन हे क्षणभंगुर आहे' म्हणून जातो. तिथं गोष्ट संपते आणि निबंध सुरू होतो.

कोण कुणाच्या तोंडून बोलतं

दुसऱ्याच्या तोंडून 'मी' म्हणण्याची मराठीतली परंपरा जुनी आहे, आणि योगायोग असा की ती एका साप्ताहिकातूनच रुजली. हरि नारायण आपट्यांनी १८९० साली 'करमणूक' सुरू केलं आणि त्यात 'पण लक्षात कोण घेतो?' क्रमशः छापली. लेखक पंचविशी ओलांडलेला तरुण. आणि सांगणारी यमू, बालपणापासून वैधव्यापर्यंत आपली कहाणी स्वतः सांगणारी बाई. पुरुषानं बाईचा 'मी' होण्याचं हे धाडस साधलं, कारण आपट्यांनी यमूला सुधारणेवर व्याख्यानं द्यायला लावली नाहीत. तिला घर दाखवायला लावलं. माजघर, आजी, भावंडं, सासरचे टोमणे. संताप वाचकाला यावा अशी सोय केली.

१९६३च्या 'कोसला'तला पांडुरंग सांगवीकर घ्या. खेड्यातून पुण्याला शिकायला आलेला, सगळ्याची टर उडवणारा, जागोजागी 'वगैरे' म्हणत पुढं सरकणारा. हे 'वगैरे' म्हणजे नुसती लकब नव्हे. कशातच फार गुंतायचं नाही, असं ठरवलेल्या माणसाची ती ढाल आहे. आणि म्हणूनच धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूशी आल्यावर तो आवाज फाटतो तेव्हा आपण हादरतो. पात्राचा विकास म्हणजे काय, असं मुलं विचारतात. मी म्हणतो, तोच माणूस, पण आता त्याला त्याच सुरात बोलता येत नाही, हा विकास.

आनंद यादवांच्या 'गोतावळा'त (१९७१) तर सगळी कादंबरीच शेतावर राबणाऱ्या नारबाच्या कागल भागातल्या बोलीत आहे. नारबाचं जग म्हणजे मालकाचं रान आणि तिथली जनावरं. ट्रॅक्टर येतो आणि हा गोतावळा उधळतो. यंत्रयुगावर एक शब्द न बोलता यंत्रयुग आपल्या अंगावर येतं, कारण नारबाला जे दिसतं तेवढंच आपल्याला दिसतं.

याच्या उलट बाजूला पौराणिक कादंबऱ्या. खांडेकरांच्या 'ययाति'त (१९५९) ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा हे तिघं आळीपाळीनं बोलतात. आजऱ्याच्या शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'मध्ये (१९६७) कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण असे सहा 'मी' आहेत. दोन्ही पुस्तकांवर माझं प्रेम आहे. 'मृत्युंजय' मी शाळेत असताना कंदिलाच्या उजेडात संपवलं आहे. पण वर्गात मी मुलांना एक खेळ देतो. प्रकरणावरचं नाव झाकायचं, मधलं एखादं पान वाचायचं, आणि बोलतंय कोण ते ओळखायचं. प्रसंगावरून ओळखता येतं. नुसत्या बोलण्याच्या ढंगावरून ओळखायचं म्हटलं तर मुलं चुकतात. पुराणकथेत ते खपून जातं, कारण तिथं सगळेच एका उंच, अलंकारिक पातळीवर बोलणार हे आपण आधीच मान्य केलेलं असतं. आपण मात्र आपल्या गल्लीतल्या दोन जावांवर गोष्ट लिहिली आणि नावं झाकल्यावर कोण कुठली ते कळेनासं झालं, तर चूक आपली.

कन्नडच्या ओसरीवर

आपल्याला एक फायदा आहे. पलीकडच्या ओसरीवर कसं बोलतात तेही आपल्याला ऐकता येतं. शिवराम कारंतांच्या 'मूकज्जिय कनसुगळु'मध्ये (१९६८) सांगणारा नातू आहे आणि गोष्ट आजीची आहे. 'मी'नं नेहमी नायकच व्हायला पाहिजे असं नाही. शेजारी बसून नीट ऐकणारा 'मी'सुद्धा कादंबरी उभी करू शकतो, हे कारंतांनी दाखवलं.

अलीकडचं उदाहरण विवेक शानभाग यांच्या 'घाचर घोचर'चं. मसाल्याच्या धंद्यात अचानक पैसा आलेलं कुटुंब. त्यातला काहीही न करणारा मुलगा कॉफी हाउसमध्ये बसून घरची हकिगत सांगतो. अगदी शांतपणे सांगतो. चिक्कप्पा किती चांगले, घरातली माणसं एकमेकांना कशी धरून आहेत. वाचता वाचता आपल्या लक्षात येतं की हा माणूस सांगतो त्यापेक्षा लपवतो जास्त, आणि आपल्यापासून लपवता लपवता स्वतःपासूनही लपवतो. खोटं न बोलता खोटा असणारा 'मी' कसा लिहावा, हे पाहायचं असेल तर हे छोटं पुस्तक जरूर वाचावं. ज्यांच्या घरी अक्का-अण्णांना कन्नड वाचता येतं त्यांनी मुळातून वाचावं. इतरांसाठी श्रीनाथ पेरूर यांचा इंग्रजी अनुवाद आहे.

बोलीचं मीठ

आता एक सावधगिरीची गोष्ट. आवाज म्हणजे बोली, असं समजून काही मुलं प्रत्येक शब्द मोडून लिहितात. पानभर 'करूलास', 'जाऊलोय', 'येऊलाय'. वाचणारा अर्थ लावता लावता थकतो. बोली मिठासारखी घालावी. पु. लं.नी 'गणगोत'मध्ये बेळगावच्या रावसाहेबांचं, कृष्णराव हरिहरांचं, व्यक्तिचित्र रंगवलं. ती कथा नव्हे, पण कानानं लिहिणं म्हणजे काय ते तिथं दिसतं. कन्नड हेल, लिंगांची सरमिसळ, वाक्याची फेक, एवढ्यावर पूर्ण माणूस उभा राहतो, आणि मुख्य म्हणजे आपण त्याच्या भाषेला हसत नाही, त्याच्यावर जीव लावतो. बोली वापरताना हा फरक सांभाळायला हवा. ज्याच्या बोलण्याला आपण मनातून कमी लेखतो त्याचा 'मी' आपल्याला लिहिता येणार नाही.

निपाणीच्या महादेव मोऱ्यांनी पिठाची गिरणी चालवता चालवता कथा-कादंबऱ्या लिहिल्या. तंबाखूच्या वखारी, गॅरेज, ट्रकवाले, तिथली शिवराळ आणि मायाळू भाषा त्यांनी कुणाची परवानगी न मागता पानावर आणली. २०२४ साली ते गेले. सीमाभागातल्या मराठीची लाज वाटणाऱ्या प्रत्येक तरुण लेखकानं त्यांचं एक तरी पुस्तक वाचावं.

पुन्हा आईकडे

आता आईचा दुसरा मुद्दा. ती म्हणाली होती, मला हसू येत होतं. मी कथा बाजूला ठेवली आणि पहिल्यांदाच तिला सरळ विचारलं, "मग झालं काय होतं?"

झालं असं होतं. लग्नानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी आजीनं, म्हणजे तिच्या सासूबाईंनी, स्वयंपाकघरातून हाक मारून काहीतरी विचारलं. हिला कळलं नाही, ही गप्प. त्या जरा मोठ्यानं म्हणाल्या, "काय?" कन्नडमध्ये 'काई' म्हणजे नारळ. हिनं धावत जाऊन देवघरातला नारळ आणून त्यांच्या हातात ठेवला. सासूबाई नारळाकडे बघत राहिल्या, ही त्यांच्याकडे. त्याचं तिला रात्रभर हसू येत होतं.

"मग वाईट कशाचं वाटलं?" मी विचारलं.

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "नावाचं."

लग्नात तिचं नाव बदललं होतं. ताटात तांदूळ पसरून अंगठीनं नवं नाव लिहिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण घरात त्या नावानं हाक मारली की आपल्याला हाक मारतात हे तिला कळायचंच नाही. ती आपलं काम करत राहायची. आठवडाभरात घरात कुजबुज सुरू झाली, सून कानानं अधू आहे, गोकाकवाल्यांनी फसवलं. शेवटी माझ्या आजोबांनी एक दिवस तिच्या पाठीमागं जाऊन मुद्दाम पितळेचं ताट आपटलं. ती दचकून वळली. "तेव्हा कुठं मी बहिरी नाही हे ठरलं," आई म्हणाली, आणि पुन्हा शेंगा फोडायला लागली.

सांगताना तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. पाणी माझ्या डोळ्यांत आलं. माझ्या कथेतली घाटप्रभा, आक्रंदणारं मन, सगळं त्या एका ताटाच्या आवाजापुढं फिकं पडलं. चाळीस वर्षं मी ज्या घरात राहिलो त्या घरात हे घडलं होतं, आणि मी तिला विचारलं नव्हतं. विचारायच्या आधीच तिच्या वतीनं 'मी' म्हणून मोकळा झालो होतो.

मी कथा नव्यानं लिहिली. 'गेलो', 'आलो' तसंच ठेवलं. आणखी एक गोष्ट लक्षात आली. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' वेगळे. 'आम्ही' म्हटलं की ऐकणारा बाहेर, 'आपण' म्हटलं की आत. कन्नडमध्ये दोन्हीला 'नावु' पुरतं. आई मराठी शिकली तेव्हा तिला हा फरकही शिकावा लागला असणार. सुरुवातीला ती 'तुमच्यात असं करतात, आमच्यात तसं करतात' म्हणायची, हे मला आत्यानं सांगितलेलं. आज ती 'आपल्यात' म्हणते. कथेत मी त्याचं स्पष्टीकरण दिलं नाही. पहिल्या पानावर 'तुमच्यात' ठेवलं आणि शेवटच्या पानावर 'आपल्यात'. मधली सगळी वर्षं त्या दोन शब्दांच्या मध्ये गेली.

पण छापण्याआधी तिला पुन्हा वाचून दाखवली तेव्हा ती म्हणाली, "छाप. पण सासूबाईंनीच मला बाराखडी शिकवली, तेही घाल. दुपारी भांडी झाली की पेपर पुढं घेऊन बसायच्या. त्या आता बोलायला नाहीत, म्हणून त्यांचं वाईट तेवढंच छापायचं काय?"

मी ते घातलं, आणि कथा तिथंच संपवली. पेपरवर वाकलेल्या दोघी, एक शिकवणारी, एक शिकणारी. संपादकांनी कथा घेतली. मुद्रितात मात्र दोन ठिकाणी 'गेलो'चं 'गेले' झालंच. आणि कथा छापून आल्यावर माझी एक आत्या चार महिने आमच्याशी बोलली नाही. आजोबांनी ताट आपटल्याचं तिला लागलं. तिचंही चूक नव्हतं. तिच्या आठवणीतले वडील वेगळे होते, आणि त्यांना या कथेत 'मी' म्हणायची संधी नव्हती. गणपतीत आई स्वतः तिच्याकडे मोदक घेऊन गेली तेव्हा कुठं बोलणं सुरू झालं.

घरच्या घरी

लिहू पाहणाऱ्या मुला-मुलींना, आणि त्यांच्या आई-वडिलांनाही, म्हणून चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला एक प्रसंग सांगायला लावा आणि त्यांना विचारून मोबाइलवर तो टिपून घ्या. मग तो जसाच्या तसा वहीत उतरवा. सुधारू नका. कन्नड शब्द आला तर कन्नडच ठेवा. आई मध्येच 'अय्यो' म्हणाली तर तेही लिहा.

नंतर वाचताना बघा, हा माणूस आधी काय सांगतो. कुणी लग्न सांगताना जेवणावळ सांगतो, कुणी खर्च, कुणी पाऊस. ज्याच्या नजरेत जे भरतं तो त्याचा स्वभाव.

तो काय सांगत नाही तेही बघा. जिथं तो विषय बदलतो, हसतो किंवा कामाला लागतो, तिथं गोष्ट दडलेली असते. तिथं लेखकानं आपलं रडं भरू नये.

तो हे कुणाला सांगतोय? नातवाला सांगताना आजी वेगळी बोलते, विहिणीला सांगताना वेगळी. 'मी'समोर कोणी तरी बसलेलं असतंच. ते ठरलं की निम्मा आवाज आपोआप ठरतो.

आणि शेवटी, लिहून झालं की ज्याच्या तोंडून लिहिलं त्याला, तो असेल तर, वाचून दाखवा. तो 'छान आहे' म्हणाला तर फार हुरळून जाऊ नका. तो 'असं नव्हे, असं झालं' म्हणाला तर पेन उघडा. खरी गोष्ट तिथून पुढं असते.

आई आता शेंगा फोडत नाही, बोटं दुखतात. पण हा लेखही तिला वाचून दाखवला. ऐकून म्हणाली, "नारळाचं बरोबर आलंय. पण ते ताट पितळेचं नव्हतं, तांब्याचं होतं."

वाचकांनी दुरुस्ती करून घ्यावी.